चावीआधीचे दोन फेरे

शिमगा सरून उन्हं कडक झाली होती आणि मी बिरवाडीला आमच्या गच्चीवर तांदळाच्या पापड्या घालत होते. खाली फोन वाजत होता. वाजू दे म्हटलं, ज्याला गरज असेल तो परत करेल. परत वाजला. पुन्हा वाजला. शेवटी चरफडत खाली आले आणि पिठाच्या हातानेच फोन घेतला, तर पोलादपूरहून इकबाल. दादाच्या गॅरेजला लागून त्याचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. "ताई, लगेच निघा. दादांना महाडला नेतोय," एवढंच म्हणाला. काय झालं, कसं झालं, विचारेपर्यंत फोन बंद. बिरवाडी ते महाड असं किती अंतर आहे? पण त्या दिवशी रिक्षा मिळेना, मिळाली ती हलेना... मी पोचले तेव्हा इकबाल दवाखान्याच्या पायरीवर गुडघ्यांत मान घालून बसला होता. माझी चाहूल लागली तरी त्याने मान वर केली नाही, तेव्हाच मी समजले. माझ्या हातांवर पीठ तसंच वाळलेलं होतं आणि ते कुठे धुवायचं हे मला कितीतरी वेळ सुचत नव्हतं.

दादा म्हणजे माझा मधला भाऊ. आम्ही तिघं. सगळ्यांत मोठा, त्याला आम्ही 'भाऊ'च म्हणतो, तो तरुणपणीच मुंबईला गेला, तिथेच एका कंपनीच्या गोदामात नोकरी करून आता निवृत्त झालाय. मग दादा. आणि शेवटची मी, सुमन, पण या दोघांच्या तोंडी जन्मभर 'सुमे'. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात आहे. दादाने मात्र खाली गावात, महाबळेश्वरकडे रस्ता वळतो तिथून जवळच, गॅरेज टाकलं. पुढे गॅरेज, मागे दोन खोल्यांचं घर. मधलं दार उघडलं की ऑइलचा वास आणि फोडणीचा वास एकमेकांत मिसळायचे. दादाची बायको, शैलावहिनी, दुपारी त्या दारात येऊन हाक मारायची, "झालं का हो? जेवायला चला." आणि गॅरेजमधून ठरलेलं उत्तर यायचं, "दोन फेरे मारतो नि येतो." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की माहेर म्हटलं की मला आधी हीच हाक ऐकू येते.

हे फेरे कसले, ते सांगते. त्यासाठी आधी पट्ट्याबद्दल सांगायला हवं, कारण दादाचा सगळा जीव त्या पट्ट्यात. घाट चढायच्या आधी लोक त्याच्याकडे थांबायचे. कुणी म्हणे ब्रेक बघ, कुणी म्हणे एसी गार करत नाही. दादा सगळं बघायचा आणि शेवटी विचारायचा, "टायमिंगचा पट्टा कधी बदललात?" निम्म्या लोकांना असा काही पट्टा गाडीत असतो हेच ठाऊक नसायचं. मलाही नव्हतं. लग्नानंतर एकदा माहेरी आले होते तेव्हा मी त्याला म्हटलं, "सारखं पट्टा पट्टा करतोस, आहे काय एवढं त्या रबरात?" तर मला ओढत नेऊन उघड्या इंजिनासमोर उभं केलं. म्हणाला, "आई नि काकी एका उखळात कांडायच्या, आठवतं काय गो तुला? दोघींच्या हातात दोन मुसळं, उखळ एकच. एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. लय चुकली तर?" मी म्हटलं, "मुसळावर मुसळ, आणि हात कळवळायचा." "बस. हेच हाय," तो म्हणाला. इंजिनात पिस्टन खालून वर येतो, आणि वरून झडपा उघडतात, हवा आत घ्यायला नि धूर बाहेर सोडायला. दोघांची जागा एकच. पिस्टन फिरतो खालच्या दांड्यावर, झडपा उघडतो वरचा दांडा, आणि या दोन दांड्यांना बांधून ठेवतो तो हा दातेरी पट्टा. खालचा दोन वेळा फिरला की वरचा एकदाच फिरायचा, कमी नाही, जास्त नाही. पट्ट्याचे दात चाकांच्या दातांत घट्ट बसलेले आहेत तोवर सगळं ठीक. पट्टा तुटला की वरचा दांडा जागीच थांबतो, उघड्या झडपा तशाच लोंबत राहतात, आणि खालून पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळतो. सगळ्याच गाड्यांत असं होत नाही, काहींत पट्ट्याऐवजी साखळी असते, पण ज्यांत होतं त्यांत इंजिन संपलंच म्हणायचं.

"आणि ह्यो बाबा बोंबलत नाय," दादा म्हणायचा. ब्रेक झिजले की कुरकुरतात, टायर गुळगुळीत झालेला डोळ्यांना दिसतो. पट्टा बसलेला झाकणाच्या आत. शेवटच्या क्षणापर्यंत गाडी झकास पळते, आणि मग एकदम बंद. गॅरेजच्या भिंतीला एक लांब खिळा आहे, त्याच्यावर त्याने लोकांच्या गाड्यांतून काढलेले जुने पट्टे अडकवून ठेवलेत. गिऱ्हाईक वाद घालायला लागलं की तो एक पट्टा काढायचा आणि दोन अंगठ्यांनी उलटा वाकवायचा. सरळ धरला की नव्यासारखा दिसणारा पट्टा वाकवला की दातांच्या मुळाशी बारीक भेगा दाखवायचा. पट्टा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि चहा मागवायचा.

आमच्या भागातले लोक या बाबतीत हमखास एक चूक करतात. घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईला. त्यांच्या गाड्या वर्षभर बिल्डिंगखाली झाकण घालून उभ्या, धुळीने माखलेल्या. गणपतीला नि शिमग्याला त्या बाहेर काढतात, पुसतात, हार घालतात आणि गावाला येतात. मीटरवर आकडा एवढासा. मग मोठ्या ऐटीत सांगायचं, "आपली गाडी कुठे चाललीय? नवीच आहे." दादा कपाळाला हात लावायचा. पट्टा बदलायचा तो ठरलेले किलोमीटर झाले की, किंवा ठरलेली वर्षं झाली की, यातलं जे आधी होईल तेव्हा. उभ्या गाडीतही रबर गरमीने, वयाने कडक होतं. "रबराला मीटर वाचता येत नाय रे बाबा," असं तो परक्यांना हसत सांगायचा. पण आपल्या घरातल्या माणसाला ते सांगायची वेळ आली आणि सगळं बिनसलं.

काही वर्षांपूर्वीच्या गणपतीतली गोष्ट. भाऊ त्याची जुनी डिझेल गाडी घेऊन वाडीवर आला होता. दादाने झाकणाचा एक स्क्रू सैल करून आत डोकावलं, बोटाने पट्टा दाबून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, ह्यो बदलायला पायजे. उद्याच्याला खाली आण." भाऊ म्हणाला, "मीटर बघ आधी. निम्मं पण झालं नाय." दादा म्हणाला, "मीटरचं सोड, गाडीचं वय बघ." झालं. अंगणात सगळी भावकी आरतीला जमलेली, आणि भाऊ म्हणाला, "घरच्या माणसाकडून पण धंदा करायचा काय रे?" मी तिथेच होते. माझी जीभ काही म्हणायला वळवळत होती, पण दादाने माझ्याकडे बघून मान हलवली. झाकण लावून तो हात धुवायला गेला. दुसऱ्या दिवशी भाऊ बायकोला, मुलीला आणि नातवाला घेऊन आंबेनळी घाट चढला.

वळणावर, चढात, गाडी बंद पडली. काही आवाज नाही, धूर नाही, इंजिन नुसतं गप्प झालं. इंजिन बंद झालं की ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंग जड, हे भाऊला काय माहीत. गाडी मागे घरंगळायला लागली. भाऊने हँडब्रेक ओढला, जावयासारखा कुणी गडी माणूस बरोबर नव्हता, मुलीने उडी मारून चाकाखाली दगड टाकला, म्हणून कठड्याला टेकून थांबली. नातू मागच्या सीटवर झोपलेला होता, तो झोपलेलाच राहिला. दादा आणि इकबाल जीप घेऊन गेले, दोर लावून गाडी खाली आणली. सगळ्या रस्त्यात दादा एका शब्दाने बोलला नाही. 'मी सांगितलं होतं' असं तर अजिबात नाही. पण गॅरेजसमोर गाडी उभी राहिली, चार माणसं जमली, आणि भाऊच्या तोंडून निघालं, "काल ह्यानेच झाकण खोललं होतं. ह्यानेच काय तरी केलं. धंदा मिळाला नाय म्हणून." मग त्याने दुसऱ्याची गाडी बोलावून आपली गाडी महाडच्या वर्कशॉपमध्ये नेली. दादाला हात लावू दिला नाही.

इंजिन नवं करता येतं हो. पण रस्त्यावर, चार माणसांत पडलेला शब्द कसा उचलायचा? पोलादपूर केवढं? आठवड्याभरात कर्णोपकर्णी झालं की याने सख्ख्या भावाची गाडी बिघडवली. काही जुनी गिऱ्हाइकं यायची थांबली. दादा कुणाला समजवायला गेला नाही. मी भांडले, म्हटलं, "बोल ना रे काहीतरी, तोंड शिवलंय काय तुझं?" तर म्हणाला, "घाबरला होता गो तो. पोर होतं गाडीत." त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलायचे थांबले. गणपतीत एकाच घरात, एकाच आरतीला उभे, आणि भाऊ म्हणायचा, "सुमे, त्याला विचार कापूर कुठे ठेवलाय." हातभर अंतरावरून दादा म्हणायचा, "सुमे, सांग त्याला, कोनाड्यात हाय." मी दोघांच्या मधे उभी राहून कापूर लावायची आणि दोघांनाही मनातल्या मनात शिव्या घालायची.

यंदाच्या शिमग्याला पालखी अंगणात आली तेव्हा भाऊने खांदा दिला आणि मागचा खांदा दादाचा होता. तेवढं मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. "सुमे, भाऊची गाडी आली हाय गॅरेजला." मी म्हटलं, "आली म्हणजे? बोलला काय तो?" "चावी टेबलावर ठेवली. 'पट्टा बघून घे' म्हणाला नि एसटीने मुंबईला गेला. सामान यायला वेळ लागेल ना." "एवढंच? माफी वगैरे?" दादा हसला. "आणखी काय पायजे गो?" पुढचे दिवस मी फोन केला की गाडीचंच. पट्टा आला, पण ताण देणारी पुली यायचीय. पाण्याचा पंपही बदलतो, पुन्हा खोलायला नको. मधेच म्हणाला, छातीत जळजळतंय, पित्त झालंय. मी म्हटलं दाखवून घे. "गाडी झाली की जातो." लोकांच्या गाड्या कुरकुर करायच्या आधी ओळखणारा माणूस, आणि स्वतःच्या छातीला पित्त म्हणून सोडा पाजत बसला... मला अजून त्याचा राग येतो. रडू येतं त्याच्या आधी राग येतो.

त्या दिवशी दुपारी वहिनीने नेहमीसारखी हाक मारली. नेहमीसारखं उत्तर आलं, "दोन फेरे मारतो नि येतो." तो आला नाही. वहिनी बघायला गेली तर दादा भाऊच्या गाडीशेजारी स्टुलावर बसून, डोकं मडगार्डला टेकलेलं. हातात पाना.

आता त्या फेऱ्यांबद्दल. नवा पट्टा चढवला की दोन्ही दांड्यांच्या दातेरी चाकांवरच्या खुणा जुळवाव्या लागतात. दादा त्या पांढऱ्या रंगाच्या ठिपक्याने पक्क्या करायचा. खुणा जुळल्या म्हणून लगेच चावी मारायची नाही. खालच्या दांड्याच्या बोल्टला गोटी पाना, म्हणजे बोल्टवर टोपीसारखा बसणारा पाना, लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं. पट्टा एखाददुसरा दात चुकून बसला असेल, तर खुणा पुन्हा जुळत नाहीत, किंवा आत कुठेतरी टक्कर होऊन हात अडतो. हाताला कळलं तर काही मोडत नाही. चावी मारून कळलं तर सगळं मोडतं. दादाने हे फेरे मारल्याशिवाय उभ्या आयुष्यात एक गाडी सोडली नाही. माहेरी गेले की शेजारी उभी राहून मी ते कितीदा बघितलेत.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि गाडी तशीच ठोकळ्यांवर उभी. पुढचं चाक काढलेलं, झाकण उघडं, नवा पट्टा चढवलेला. दादाने फेरे मारले होते की मारायचे राहिले होते, कुणाला सांगता येत नव्हतं. इकबाल म्हणाला, "महाडहून कारागीर बोलवतो. पण दुसऱ्याचं अर्धं काम कुणी पुढे नेत नाय, तो सगळं खोलून परत लावणार." वहिनीने पदर तोंडाला लावला. मी मात्र त्या पट्ट्याकडेच बघत होते. छातीत कळ येत असताना बसवलेला पट्टा. हात थरथरला असेल, डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, एक दात चुकला असेल तर? तर भाऊचा तो जुना शब्द खरा ठरणार. पोलादपूर म्हणणार, बघा, तेव्हाही असंच केलं असेल. मेलेला माणूस काय उत्तर देणार होता? म्हणून मला वाटत होतं, बोलवा तो कारागीर, खोला सगळं, कुणाला काही कळायलाच नको.

भाऊ इतका वेळ त्या स्टुलाकडे बघत उभा होता. म्हणाला, "खोलायचं नाय. मी फिरवतो."

"तुला पाना तरी धरता येतो काय?" मी म्हटलं.

"तू सांग ना, गो. तू बघितलंयस."

आणि तो माणूस, ज्याने आयुष्यात हवासुद्धा दुसऱ्याकडून भरून घेतली, धोतरासारखी पँट वर ओढून चाकाच्या जागी जमिनीवर बसला. इकबालने पाना बोल्टवर बसवून दिला. मी बॉनेटमधून वरच्या खुणेवर डोळा ठेवला. मी त्याला दादाचेच शब्द सांगितले, सावकाश फिरव, उलटं फिरवायचं नाय, अडलं तर जोर करायचा नाय. भाऊने पाना ओढला. वरचं चाक हललं, पांढरा ठिपका खाली सरकला. थोडं जाऊन पाना जड झाला. "अडलं," भाऊ म्हणाला. मग मला दादाचं आठवलं, दाब वेगळा नि अडकणं वेगळं. आत कोंडलेल्या हवेचा दाब असला तर धरून राहिलं की हळूहळू सुटतो. मी म्हटलं, "तसाच धर. सोडू नको." भाऊ धरून राहिला. घाम नाकावरून टपटपत होता. आणि आतून हवा सुटल्यासारखा बारीक उसासा आला, पाना पुढे गेला. पहिला फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्यात तो पुन्हा जड झाला, पुन्हा सुटला, आणि माझ्या डोळ्यांसमोर पांढरा ठिपका गोल फिरून वर आला आणि खुणेला जाऊन भिडला. खालची जुळली काय विचारायला मी वाकले, तर भाऊ 'हो' म्हणून नुसता मान डोलावत होता. केसाचाही फरक नव्हता.

इकबालने झाकण लावलं, चाक चढवलं. चावी भाऊने माझ्या हातात दिली. पहिल्याच झटक्याला गाडी सुरू झाली आणि कुठे खडखड नाही, काही नाही, नीट चालत राहिली. भाऊ जमिनीवरून उठला नव्हता. त्याने इकबालला हाक मारली. "इकबाल, तू होतास ना तेव्हा? मी काय बोललो ते ऐकलंस ना?" इकबाल खाली बघत म्हणाला, "जाऊ द्या भाऊ." "जाऊ द्या नाय. ऐक. ह्याने काय केलं नव्हतं. तो पट्टा जुनाच होता. महाडच्या माणसाने मला दुसऱ्याच दिवशी भेगा दाखवल्या होत्या. मला माहीत होतं."

मला राहवलं नाही. "मग त्याला सांगायला काय धाड भरली होती रे तुला?" मी ओरडलेच.

"सांगायलाच आलो होतो गो," तो म्हणाला. "तोंड उघडेना. म्हटलं चावी तरी ठेवू. गाडी न्यायला येईन तेव्हा बोलू..."

मग तो हमसून रडला, आणि मीही त्याच्या शेजारी त्या ऑइलच्या डागांत बसले. मी त्याला फोनवरचं सांगितलं. 'आणखी काय पायजे गो' हे दादाचे शब्द त्याने माझ्याकडून दोनदा वदवून घेतले. किती वेळ गेला कोण जाणे. मधलं दार वाजलं. शैलावहिनी जेवायचं सांगायला आली होती. इतक्या वर्षांची सवय, तिच्या तोंडून तेच निघून गेलं, "झालं का हो?" आणि निघाल्यावर तिचं तिलाच कळलं, ती दाराला धरून उभी राहिली.

भाऊ उठला. दादाने या गाडीतून काढून टेबलावर ठेवलेला जुना पट्टा घेऊन त्याने तो अंगठ्यांनी उलटा वाकवला, भेगा बघितल्या आणि भिंतीच्या खिळ्यावर सगळ्यांच्या पुढे अडकवला. पाना फडक्याने पुसून होता तिथे ठेवला. मग दाराकडे वळून म्हणाला, "झालं शैला. दोन्ही फेरे झाले. वाढ."